स्वमग्न मुले आणि आपण

माणसाला नावे ठेवण्यासाठी आपल्या भाषेत शब्दांची वाण नाही. बोलत नाही तो मुका, हाकेला वळत नाही तो बहिरा, एकटाच गोल गोल फिरतो तो वेडा आणि अभ्यासात मागे पडतो तो मंद. काही मुलांना हे चारही शब्द लावले जातात. पण त्यांतला एकही त्यांचे खरे वर्णन करीत नाही. अशा मुलांच्या अवस्थेला इंग्रजीत ‘ऑटिझम’ आणि मराठीत स्वमग्नता म्हणतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात दर १२७ माणसांमागे एक जण स्वमग्न होता. या हिशोबाने दोन-अडीच हजार वस्तीच्या गावात अशी पंधरा-वीस माणसे असावीत. मग ती आपल्याला दिसत का नाहीत? एक तर आपण त्यांना दुसऱ्याच नावाने ओळखतो किंवा पाहुणे आले की त्यांना आतल्या खोलीत बसवले जाते.

स्वमग्नता म्हणजे काय?

अमेरिकेत बाल्टिमोर येथे काम करणारे बालमनोविकारतज्ज्ञ डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. ही मुले माणसांपेक्षा वस्तूंत अधिक रमत. काही ऐकलेले वाक्य जसेच्या तसे पुन्हा म्हणत. रोजच्या क्रमात थोडा जरी बदल झाला तरी ती व्याकुळ होत. पुढे असे दिसून आले, की या अवस्थेचे एकच एक रूप नसते. कोणी जन्मभर बोलत नाही, तर कोणी पदवीधर होऊन नोकरी करतो. म्हणून आता तिला इंद्रधनुष्याप्रमाणे अनेक छटांचा ‘वर्णपट’ मानतात.

‘स्वमग्न’ या शब्दाने थोडी फसगतही होते. हे मूल आपल्यातच दंग आहे, त्याला कोणी नको आहे, असे वाटते. पुष्कळदा तसे नसते. कुकरची शिट्टी, मिक्सरचा आवाज, नव्या कपड्याची खरखर आपण विसरून जातो. त्याला मात्र ती सहन होत नाही. वरातीत बँड सुरू होताच ते किंचाळू लागले, तर लोक म्हणतात, “केवढा हट्टी पोरगा! दोन ठेवून द्या.” वास्तविक हट्ट करणारे मूल डोळ्यांच्या कोपऱ्यातून मोठ्यांकडे पाहात असते आणि खाऊ मिळाला की थांबते. हे मूल खाऊने थांबत नाही. कारण त्याला काही मिळवायचे नसते, त्याला त्या गोंगाटातून सुटायचे असते. त्याला शांत जागी नेणे आणि आपण कमी बोलणे, एवढेच तेव्हा करावयाचे असते.

दोष कोणाचा?

स्वमग्नता जन्मजात असावी असे कॅनर यांनी लिहिले. परंतु आईबापांच्या कोरडेपणाचाही त्यांनी उल्लेख केला. तेवढा धागा पकडून पुढे कित्येक वर्षे आईलाच दोषी ठरवण्यात आले. ब्रुनो बेटेलहाईम यांच्या १९६७ सालच्या पुस्तकाने हे मत फार पसरवले. त्यापूर्वीच, १९६४ साली, बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः एका स्वमग्न मुलाचा पिता होता, ते खोडून काढले होते. १९७७ साली इंग्लंडमध्ये २१ जुळ्या जोड्यांचा अभ्यास झाला. हुबेहूब सारख्या अकरा जोड्यांपैकी चारांत दोन्ही भावंडे स्वमग्न होती. वेगवेगळ्या दिसणाऱ्या दहा जोड्यांपैकी एकाही जोडीत तसे आढळले नाही.

माझ्या एका मावशीचा मुलगा स्वमग्न आहे. लग्नकार्यात बायका तिला विचारत, “ग्रहण पाळलं नव्हतंस का गं?” शेवटी तिने लग्नाला जाणेच सोडले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. पुस्तकातले इंग्रजी शब्द मला घरी कामी आले नाहीत; जुळ्यांची गोष्ट मात्र आईला लगेच पटली. ती म्हणाली, “म्हणजे रान तेच, पाऊस तोच, फरक बियाण्यातला. मग माझ्या बहिणीला का बोल लावायचा?”

लसीमुळे स्वमग्नता येते, ही अशीच एक समजूत. ती १९९८ सालच्या ज्या लेखामुळे पसरली, तो लेख त्या नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला.

एका शेतकरी जोडप्याचे शहाणपण

कॅनर यांच्या अकरा मुलांतील पहिला डोनाल्ड ट्रिप्लेट. मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट हे त्याचे गाव. अवघ्या तिसऱ्या वर्षी त्याला एका संस्थेत ठेवले होते. सुमारे वर्षभराने आईवडिलांनी त्याला परत आणले. पुढे काही वर्षे तो गावाजवळच्या एका शेतकरी जोडप्याकडे राहिला. त्याला मोजमापांचा नाद होता, म्हणून त्यांनी त्याला विहीर खणून तिची खोली सांगायला लावले. तो मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजत बसे, तेव्हा ‘नांगरता नांगरता मोज’ असे सांगितले. भेटीला गेलेले कॅनर त्याचे घोडा आणि नांगर हाताळण्याचे कसब पाहून चकित झाले. डोनाल्ड पुढे पदवीधर झाला, बँकेत नोकरीला लागला, मोटार चालवू लागला, गोल्फ खेळू लागला आणि २०२३ साली ८९ व्या वर्षी वारला. घरची सुबत्ता होती, हे खरेच. परंतु गावाने त्याला त्याच्या वेगळेपणासह आपले मानले, याचा वाटा लहान नव्हता.

खरे बोलणे

अर्थात प्रत्येक मूल डोनाल्ड होत नाही, हेही उघडपणे बोलले पाहिजे. काहींना जन्मभर आधार लागतो. काहींना फिट्स येतात. झोप आणि जेवण यांचे प्रश्न तर घरोघरी असतात. ‘आमच्यानंतर याचे कोण?’ ही चिंता आईबापांना रात्री झोपू देत नाही. अशांना ‘अमक्या देवऋषीकडे न्या’ हा सल्ला नको असतो. मुलाजवळ तासभर कोणी बसले तर त्या आईला स्वस्थपणे जेवता येते.

कायदा आपल्या जागी आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नतेचा समावेश झाला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ती आहे आणि ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी उच्च शिक्षणात किमान पाच टक्के जागा राखीव आहेत. परंतु घराने नावच लपवले, तर प्रमाणपत्र काढणार कोण?

म्हणजे उद्या आपल्याच वर्गात असा विद्यार्थी येऊ शकतो. कदाचित आजही असेल. तो नजरेला नजर देणार नाही, विनोदाला हसणार नाही, ठरलेला तास अचानक बदलला तर अस्वस्थ होईल. त्याला ‘शिष्ट’ म्हणण्याआधी आपण थोडे थांबावे. प्राध्यापकांनी बदल आदल्या दिवशी फळ्यावर लिहावा आणि सूचना सरळ, एका वेळी एकच द्यावी. सुट्टीत आपण गावी जाऊ, तेव्हा अशा एखाद्या घरी जाऊन बसावे. त्याच्या आईला काय चुकले हे न विचारता, त्याला काय आवडते हे विचारावे.

(द्वितीय वर्ष, कला)