आमोण्याची झोतभट्टी

डिचोली तालुक्यातील तांबड्या दगडाविषयी आजवर जे लिहिले गेले ते बहुधा ट्रक, बार्जी आणि कोर्टकज्जे यांविषयीच. तो आगीत कसा वागतो, एवढाच प्रश्न घेऊन मी मांडवीकाठच्या आमोण्याला गेलो. पूर्वेतिहास थोडक्यात असा की, देशातला पहिला पेलेट कारखाना १९६७ साली जवळच्याच पाळी गावी निघाला आणि आमोण्याला कच्चे लोखंड गळू लागले ते पुढे विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात.

भट्टीत वरून खनिज व कोक थराथराने पडतात आणि खालून हजार अंशांहून तप्त हवा शिरते. पाचशे-सहाशे अंशांवर, हेमेटाइटचे मॅग्नेटाइट होताना, खनिज फुगून तडकते. पुढे हजार ते चौदाशे अंशांच्या दरम्यान, प्राणवायू बराचसा गमावलेले ते खनिज ना धड घन ना धड द्रव अशा अवस्थेत वरच्या भाराखाली दबते, फटी बुजतात आणि वायूला वाट उरते ती केवळ कोकच्या थरांतून. हा चिकट पट्टा जितका जाड, तितकी भट्टीची धाप अधिक. आणि तो कोणाच्याच दृष्टीस पडत नाही.

भट्टीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या कामगाराने वाहत्या मळीत (खनिजातल्या अशुद्ध द्रव्यांच्या वितळलेल्या रसात) लोखंडी सळई बुडवून वर उचलली, तेव्हा मळीची काकवीसारखी लांब तार निघाली. चुना पुरेसा असता तर ती आखूड तुटली असती. तेवढ्या तारेवरून तो आतल्या प्रकृतीचे निदान करतो, याचे मला राहून राहून नवल वाटले.

गोव्याच्या खनिजाची खोड म्हणजे ॲल्युमिना. जांभ्या जमिनीतल्या या खनिजाबरोबर चिकणमाती येते. धुऊन काही जाते, उरलेला ॲल्युमिना सिंटर (भाजून सांधलेला खनिजाचा चुरा) ठिसूळ आणि मळी घट्ट करतो, म्हणून डोलोमाइट घालावा लागतो. त्यातच २०१२ साली खाणी बंद झाल्या. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चपासून पुन्हा शुकशुकाट झाला. खाण हुकुमासरशी थांबते. भट्टी तशी थांबवली तर आतला माल गोठून बसतो. साहजिकच कर्नाटकाकडचे खनिज आणावे लागले, आणि परका दगड म्हणजे नवे मिश्रण व नवा चिकट पट्टा. डिसेंबर २०२२ च्या लिलावात डिचोलीचा खाणपट्टा वेदांता कंपनीकडे गेला. पण सरकारदरबारी खनिजाची प्रत व भाव आजही मुख्यतः लोहांशाच्या टक्क्यांवर ठरतात. खाण खात्याने प्रत्येक खाणपट्ट्याच्या दप्तरी ॲल्युमिन्याचे प्रमाण आणि खनिज मऊ पडण्याचे तापमान यांचीही नोंद ठेवावी, एवढी विनंती आहे.