मुलांच्या आहारातील साखर : प्रमाण व शाळेचे कार्य

कळंब येथे श्रीचिंतामणीच्या दर्शनास पायऱ्या उतरून जावे लागते. दर्शन घेऊन वर आल्यावर मुलाच्या हातावर प्रसादाचा पेढा पडतो. नवस फिटला की शेरणी वाटली जाते. होळीला साखरेच्या गाठ्या, संक्रांतीला तीळगूळ आणि तान्ह्या पोळ्याला खाऊ मिळतो. गोड देणे म्हणजे माया दाखविणे, ही समजूत समाजात इतकी रुजलेली आहे की, मुलाला साखर किती द्यावी हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः सणाची साखर वर्षातून मोजकेच दिवस पोटात जाते. विचार करावयाचा तो रोजच्या साखरेचा; कारण ती कोणाच्या ध्यानातच येत नाही.

प्रमाण किती असावे

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली असे सुचविले की, दिवसभराच्या एकूण उष्मांकांपैकी साखरेपासून मिळणारे उष्मांक १० टक्क्यांहून कमी असावेत. ते ५ टक्क्यांच्या आत राहिल्यास अधिक हितकारक होय. या गणनेत पदार्थात घातलेली साखर, गूळ, काकवी, मध व फळांचा रस यांचा समावेश होतो. अखंड फळातील व साध्या दुधातील नैसर्गिक साखर यात धरीत नाहीत. दोन वर्षांखालील बालकाच्या अन्नात वरून साखर मुळीच घालू नये.

हे प्रमाण चमच्यात मांडले म्हणजे पालकांस समजते. एक ग्रॅम साखरेपासून ४ उष्मांक मिळतात व चहाच्या एका सपाट चमच्यात सुमारे ४ ग्रॅम साखर मावते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० सालच्या कोष्टकानुसार ४ ते ६ वर्षे वयाच्या मुलास दररोज सुमारे १,३६० उष्मांक लागतात. त्याचे ५ टक्के म्हणजे ६८ उष्मांक, अर्थात १७ ग्रॅम साखर. ७ ते ९ वर्षांच्या मुलास १,७०० उष्मांक लागतात. त्याच्या वाट्याला २१ ग्रॅम साखर येते. १० ते १२ वर्षांच्या मुलीस २,०६० व मुलास २,२२० उष्मांक लागतात. त्यांचे प्रमाण २६ ते २८ ग्रॅम पडते. म्हणजेच पहिलीच्या मुलास चार, तिसरीच्या मुलास पाच व पाचवीच्या मुलास सहा-सात चमचे ही दिवसभराची मर्यादा समजावी. एवढी साखर खाल्लीच पाहिजे, असा याचा अर्थ नव्हे.

रोजचा हिशेब

तिसरीतील एखाद्या मुलाचा दिवस घेऊ. सकाळच्या चहात दोन चमचे, म्हणजे ८ ग्रॅम. सोबत चार ग्लुकोज बिस्किटे, त्यांत सुमारे ५ ग्रॅम. मधल्या सुटीत एक गोळी, ४ ग्रॅम. सायंकाळी पुन्हा चहा, ८ ग्रॅम. बेरीज २५ ग्रॅम झाली. मुलाने मिठाईचा तुकडाही खाल्लेला नाही, तरी मर्यादा ओलांडली गेली. त्यात बाजाराच्या दिवशी २०० मिलिलिटर शीतपेयाची बाटली मिळाली, तर सुमारे २० ग्रॅमची भर पडते.

हानी कशी होते

साखर उष्मांक देते. पण प्रथिने, लोह वा जीवनसत्त्वे देत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत घरची माणसे सकाळीच शेतावर जातात व मूल चहा-टोस्ट घेऊन शाळेत येते. त्या गोडाने भूक मरते, अंग मात्र भरत नाही. मधल्या सुटीत खिचडी पुढे आली की तेच मूल अर्धे ताट तसेच ठेवते. प्राथमिक वर्गांच्या पोषण आहारातून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, अशी योजना आहे. ताटात उरलेल्या खिचडीबरोबर ही प्रथिनेही जातात. म्हणून साखरेचा प्रश्न केवळ श्रीमंतांच्या लठ्ठ मुलांचा आहे, असे शिक्षकांनी मानू नये. काटक्यासारख्या मुलाच्या बाबतीतही तो तितकाच खरा आहे.

दुसरी हानी दातांची. तोंडातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात व ते दातांचे कवच झिजविते. दर वेळी गोड खाल्ल्यावर हा आम्लाचा मारा सुमारे अर्धा तास चालतो. म्हणून एकाच वेळी जेवणाबरोबर खाल्लेल्या गोडापेक्षा दिवसभर चघळलेल्या गोळ्या अधिक घातक ठरतात. साधारणपणे सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. ती दुधाचीच समजून पालक तिच्याकडे दुर्लक्ष करतात. परंतु ती एकदा किडून गेली की पुन्हा येत नाही. यवतमाळ जिल्ह्यातील काही गावांत पाण्यातील फ्लोराइडमुळे दातांवर पांढरे वा तपकिरी डाग पडतात. ते साखरेमुळे पडत नाहीत, हा फरक ध्यानात ठेवावा.

तिसरी हानी पुढे दिसते. ब्रिटनमध्ये युद्धकाळापासून सप्टेंबर १९५३ पर्यंत साखर शिधापत्रिकेवर मिळत असे. गर्भावस्थेत व पहिल्या दोन वर्षांत ज्यांना ही मोजकी साखर मिळाली, त्यांना प्रौढपणी दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्के व उच्च रक्तदाबाचा सुमारे २० टक्के कमी आढळला. हे संशोधन २०२४ साली प्रसिद्ध झाले.

काही समजुती

गूळ साखरेहून निराळा, म्हणून तो कितीही चालतो, असे अनेक जण मानतात. गुळात थोडी खनिजे असतात हे खरे. तथापि त्याचा बहुतांश भाग साखरच असते, म्हणून तो मोजलाच पाहिजे. गोड खाल्ल्याने जंत होतात, ही समजूत चुकीची आहे. जंत दूषित माती, न धुतलेले हात व उघड्यावरील शौच यांमुळे होतात. तसेच मुलांना होणारा पहिल्या प्रकारचा मधुमेह गोड खाल्ल्याने होत नाही. अशा मुलाच्या रक्तातील साखर इन्शुलिनमुळे एकाएकी उतरल्यास त्यास घाम येतो, हातपाय थरथरतात. शुद्धीवर असलेल्या अशा मुलाला तत्काळ साखर द्यावी लागते. त्या प्रसंगी वर्गात खाण्यास मनाई करू नये.

शाळेने काय करावे

(१) केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावण्यास सांगितले. गावच्या शाळेत त्यासाठी खर्च नको. बिस्किटाचे वेष्टन, गोळीचा कागद व शीतपेयाची रिकामी बाटली फळ्याशेजारी मांडावी आणि प्रत्येकाखाली तितके चमचे भरून वाळू ठेवावी.

(२) वेष्टनावर १०० ग्रॅममागे साखर किती, हे छापलेले असते. त्यावरून एका पुड्यातील साखर काढणे हे चौथी-पाचवीसाठी उत्तम उदाहरण आहे.

(३) पोषण आहारात खीर वा नाचणीसत्त्व करताना साखर मोजून घालावी. मुलामागे १० ग्रॅम धरल्यास ५० मुलांना अर्धा किलो पुरते.

(४) शाळेच्या प्रवेशद्वारापासून ५० मीटरच्या आत अतिगोड, अतिखारट व अतितेलकट पदार्थांची विक्री होऊ नये, असा नियम २०२० साली करण्यात आला आहे. तो दुकानदारास समजावून सांगावा व फुटाणे, शेंगदाणे, बोरे, पेरू ठेवण्यास सुचवावे.

(५) वाढदिवसास चॉकलेटऐवजी हंगामातील फळ वाटण्याची प्रथा पाडावी. सीताफळांच्या दिवसांत हे या भागात सहज साधते.

(६) पालकसभेत एकच गोष्ट मागावी : चहातील दोन चमच्यांचा एक करावा आणि सकाळी चहा-टोस्टऐवजी मुलास शिळी का होईना, पण भाकरी किंवा पोळी द्यावी.

या कार्यात एक पथ्य पाळणे अवश्य आहे. घरी चहाखेरीज काही नसते म्हणूनच चहा पिऊन येणारे मूल वर्गात असते. 'तू काय खाऊन आलास?' असे चारचौघांत विचारल्यास ते लाजते व पुढे खोटे सांगू लागते. म्हणून हिशेब नेहमी काल्पनिक मुलाचा मांडावा. आपला हिशेब मूल मनातल्या मनात करीलच.