उधाणात डोकं शांत ठेवायचं कसं?
नाखवा-तांडेल भावांनो, सुरतेजवळ हजिरा-डुमसच्या पाण्याला उधाणात किती ओढ असते, ते आपल्याला ठाऊकच आहे. त्यात डिझेलचा खर्च नि रिकामं जाळं, डोकं तापणारच. म्हणून एवढं करू या.

१. झोपेच्या पाळ्या लावा. सलग १७ तास जागलेला माणूस थोडी दारू प्यायल्यासारखा चुकतो. त्याला सुकाणूवर बसवू नका.

२. राग आला की पाच-दहा वेळा श्वास सावकाश सोडा. धडधड उतरते.

३. रेंज जाण्याआधी घरी परतीचा दिवस सांगा. घरच्यांचाही घोर कमी होतो.

४. फेरीचा हिशेब त्याच दिवशी वहीत लिहा. रात्री डोक्यात घोळत नाही.

तरीही झोप लागेना, जेवण जाईना, तर टेली-मानसला १४४१६ वर फोन करा. फुकट आहे, रात्रंदिवस चालू. मराठी-गुजरातीत बोलता येतं. लाज कसली?