अर्धा व्होल्ट म्हणतो, ‘हजर!’

रस्त्याचं किंवा तळ्याचं काम चालू असलं, की शाळेतून घरी जाताना तुमची पावलं तिथं हमखास रेंगाळतात ना? पिवळंधमक यंत्र आपली लांब सोंड मुरमात खुपसतं, एका दमात ढिगारा उचलतं आणि ट्रकमध्ये ओततं. आपण त्याला ‘जेसीबी’ नाहीतर ‘पोकलेन’ म्हणतो. गंमत म्हणजे, ही दोन्ही मुळात कंपन्यांची नावं! पहिली इंग्लंडमधली, दुसरी फ्रान्समधली. पण आपल्याकडे ती यंत्रांनाच चिकटली, ती कायमची.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या गंगापूर तालुक्यातल्या मुलांनी तर अशी यंत्रं भरपूर पाहिली आहेत. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग याच तालुक्यातून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. महामार्ग झाला, तरी या यंत्रांना उसंत कुठली? या भागात पाऊस बेताचाच. म्हणून शेततळी खोदायची, नाल्यातला गाळ काढायचा, ही कामं पावसाळ्याच्या आत उरकावी लागतात.

आता समजा, मे महिना संपत आलाय. गंगापूरजवळच्या एका शेतात शेततळं खोदणं चाललंय. आभाळ भरून आलंय. आणि अचानक कॅबिनमध्ये पीं पीं पीं! लाल दिवा लागला. इंजिनातल्या ऑइलचा दाब दाखवणारा दिवा! ऑपरेटर दादानं घाईघाईनं मिस्त्रीमामांना फोन लावला.

“मामा, लाल दिवा लागलाय. ऑइल तर मी सकाळीच बघितलंय. दिव्याची वायरच काढून टाकू का? दोन दिवसांचंच काम राहिलंय.”

“अजिबात नाही! आधी इंजिन बंद कर. मी आलोच!”

मामा एवढे का रागावले बरं? इंजिनात लोखंडी भाग एकमेकांजवळून गरागरा फिरत असतात. त्यांच्यामध्ये ऑइलचा पातळ थर असतो. दाब गेला, की थर गेला. मग लोखंडावर लोखंड घासतं आणि काही मिनिटांत इंजिन जाम! दुरुस्तीचा खर्च मोठा. वर पाऊस आला, तर मशीन चिखलात अडकणार आणि शेतकऱ्याचं तळं अर्धवट राहणार. दिवा बंद केल्यानं धोका थोडाच बंद होतो?

हा निरोप देतो कोण? सेन्सर! सेन्सर म्हणजे यंत्राची कातडी, नाक, जीभ. इंजिन किती तापलं, ऑइलचा दाब किती, हे तो विजेच्या भाषेत मशीनच्या छोट्या संगणकाला कळवतो. दाब मोजणाऱ्या बऱ्याच सेन्सरांना तीन तारा असतात. एकीतून संगणक त्याला ५ व्होल्ट वीज देतो, दुसरी परतीची आणि तिसरी निरोपाची. दाब वाढेल तसा निरोपाच्या तारेवरचा व्होल्ट वाढतो.

इथं एक मोठी युक्ती आहे बरं का! दाब शून्य असला, तर तारेवर किती व्होल्ट यायला हवेत? शून्य, असंच म्हणाल ना? पण नाही! साधारण अर्धा व्होल्ट येतो. आणि दाब भरपूर असला, तरी साडेचारच्या आसपास. पूर्ण पाच कधी नाही. असं का?

तुमच्या वर्गातली हजेरी आठवा. गृहपाठ न केलेला मुलगासुद्धा ‘हजर!’ म्हणतोच. पण जो आलेलाच नाही, त्याच्या नावाला नुसती शांतता. अर्धा व्होल्ट म्हणजे सेन्सरचं ‘हजर!’ तो म्हणतो, “दाब नाही, पण मी जागेवर आहे.” आणि व्होल्ट अगदी शून्यावर गेला, तर संगणक ओळखतो, की हा दाबाचा निरोप नव्हे, तार किंवा सेन्सरच बिघडलाय!

मामा आले. पडद्यावर दोन आकडे होते, १०० आणि ४. अवजड यंत्रांसाठी जे-१९३९ नावाची एक सांकेतिक भाषा ठरलेली आहे. तिच्यात १०० म्हणजे इंजिन ऑइलचा दाब आणि ४ म्हणजे व्होल्ट हवा त्याहून कमी. (३ असता, तर व्होल्ट जास्त.)

“म्हणजे सेन्सर गेला. नवा आणतो,” दादा म्हणाला.

“थांब जरा. आकडा दुखणं कुठं आहे ते सांगतो. नवीन काय आणायचं ते नाही सांगत.”

मामांनी आधी काडी काढून ऑइल पाहिलं. पुरेसं होतं. मग सेन्सर काढून त्या जागी काट्याचं साधं मीटर बसवलं आणि इंजिन थोडा वेळ चालवलं. दाब उत्तम! म्हणजे इंजिन सुखरूप. दाब खरंच कमी निघाला असता, तर मशीन तिथंच उभं राहिलं असतं.

आता तारांची पाळी. मामांनी मल्टिमीटर काढला. सेन्सरच्या प्लगमध्ये ५ व्होल्ट येत होते. मग त्यांनी बॅटरी बंद केली, निरोपाची तार दोन्ही टोकांना सोडवली आणि ती तार व मशीनचा लोखंडी सांगाडा यांना मीटर लावला. टूं! मीटर वाजला. याचा अर्थ तार कुठंतरी लोखंडाला टेकली होती आणि निरोप वाटेतच गळत होता!

मामा तारेवरून बोट फिरवत गेले. एका पट्टीखाली ती घासून घासून सोलली होती. त्यांनी तिथं तार नीट जोडली, वर आवरण चढवलं आणि पट्टीखाली रबर घातलं, म्हणजे पुन्हा घासायला नको. सेन्सर परत बसवला. दिवा विझला!

बघा, नवा सेन्सर आणला असता, तर पैसे गेले असते आणि दिवा तसाच राहिला असता. शिवाय एका चांगल्या सेन्सरवर उगाच आळ!

ही विद्या शिकायची असेल, तर दहावीनंतर आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक डिझेल’ किंवा ‘इलेक्ट्रिशियन’ हे अभ्यासक्रम असतात. आईबाबांनो, मशीन बघत रेंगाळणाऱ्या मुलाला ओढून नेण्याआधी हेही लक्षात असू द्या!

तोवर घरी एक करून पाहा. सेलवरची बॅटरी लागली नाही, तर लगेच नवे सेल मागू नका. आधी ते सरळ घातलेत का, स्प्रिंगवर गंज चढलाय का, बल्ब घट्ट आहे का, हे एकेक तपासा आणि वहीत लिहा. भिंतीवरच्या विजेच्या बोर्डाला मात्र हात लावायचा नाही हं!

काय मग, तुमच्या बॅटरीत गुन्हेगार कोण निघाला?