राजपत्रानंतरची रांग

आरटीओच्या फाटकाबाहेर टेबल टाकून फॉर्म भरून देणाऱ्याला नाव बदलायला आलेला माणूस आधी फी विचारतो. लायसन्सवरचा तपशील बदलायचे शुल्क केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे २०० रुपये. स्मार्ट कार्डाचे पैसे वेगळे. मग टेबलवाला विचारतो, "आधारवर बदललंय का?" आणि बऱ्याच जणांचे त्या दिवसाचे काम तिथेच आटोपते. सारथी पोर्टलवर घरबसल्या अर्ज करायचा तर ओळख पटते ती आधारवरून, म्हणजे नावही तिथलेच येणार. बाकी फॉर्म २, कागद अपलोड करणे, स्पीड पोस्टाची वाट पाहणे, यात अवघड काही नाही. अवघड आहे तो कागदांचा क्रम. तो नागरिकाने जुळवत बसावा अशी सरकारची अपेक्षा आहे आणि माझा आक्षेप नेमका तिच्यावर आहे.

या क्रमाच्या मुळाशी राजपत्र असते. प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज केला, फी भरली की जुने नाव आणि नवे नाव महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग दोनमध्ये छापून येते. पण नावबदलाच्या या जाहिरातींसोबत शासनाची एक टीपही असते: मजकूर अर्जदाराच्या सांगण्यावर आधारलेला आहे, कागदपत्रांची पडताळणी केलेली नाही, खरेपणाची जबाबदारी शासनाची नाही. जबाबदारी झटकून छापलेले हेच पान पुढे आधार, पॅन, बँक, लायसन्स अशा प्रत्येक ठिकाणी पुरावा म्हणून मागितले जाते. मूळ नोंदीची खात्री कोणी करत नाही, तिच्या झेरॉक्सची मात्र सगळे करतात.

याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा कायदा नाही. तरी आपल्या तीनपदरी नावात वडिलांच्या जागी नवरा येतो, आडनाव बदलते, आणि घटस्फोट झाला की तीच वाट उलट चालावी लागते. आधारवर नाव साधारणपणे दोनदाच बदलता येते. लग्न आणि घटस्फोट यांतच दोन्ही संधी संपल्या, तर पुढची साधी दुरुस्तीही अपवाद ठरते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव घालणारा राज्याचा निर्णय स्वागतार्ह आहे, पण विवाहितेच्या नावात नवऱ्याचे नाव लावण्याची पद्धत त्यानेही तशीच राहू दिली. रांगेत कोण उभे राहणार, हे त्यामुळे फारसे बदलणार नाही.

नावबदल सोपा केला तर दंड चुकवणारे, गुन्हेगार नावे बदलून निसटतील, असे यावर म्हटले जाते. भीती रास्त वाटते, पण लायसन्सचा क्रमांक नावाबरोबर बदलत नाही; चालकाची जुनी नोंद त्या क्रमांकाला चिकटून राहते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सगळी खाती एकमेकांना जोडली तर नागरिक सरकारपुढे उघडा पडतो. म्हणूनच ही जोडणी आपोआप होऊ नये. राजपत्राच्या अर्जातच 'लायसन्सवरही बदला' अशी चौकट असावी. हवी त्याने खूण करावी, २०० रुपये तिथेच भरावेत. जोडीला राजपत्राने छापण्याआधी कागद तपासावेत, म्हणजे पुढच्यांना पुन्हा तपासायला नको. हे तांत्रिकदृष्ट्या अशक्य म्हणण्यात अर्थ नाही. सारथीतली नोंद डिजिलॉकरमध्ये दिसतेच, आणि मोबाइलवरचे ते लायसन्स ग्राह्य धरा असे केंद्राने २०१८ मध्येच राज्यांना कळवले आहे. माहिती वाहतूक पोलिसापर्यंत पोचते, तशी एका खात्यातून दुसऱ्या खात्यातही पोचेल.

टेबलवाल्याच्या पोटावर पाय येईल, ही हरकत उरते. ती खरी आहे. पण त्याच्याकडे पत्ता बदलणारे आणि मुदत संपलेले येतच राहतील, आणि त्यातल्या कित्येकांना २०० रुपये ऑनलाइन कसे भरायचे हे अजूनही त्याच्याकडूनच समजून घ्यावे लागते.