लाकूड खाणारा खेकड्याचा भाऊबंद

काष्टीहून समुद्र फार लांब; पण या भागाचे पाणी शेवटी समुद्रालाच जाते. घोड नदी भीमेला मिळते, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. देशोदेशीच्या नद्या पुरात झाडांच्या फांद्या, खोडे समुद्रात नेतात. पाणी पिऊन जड झालेले लाकूड हळूहळू तळ गाठते. तिथे ऊन पोहोचत नाही, म्हणून वनस्पतीही नाहीत. अशा अंधारात बुडालेला ओंडका म्हणजे धान्याने भरलेली कणगीच.

या ओंडक्यांवर मुनिडॉप्सिस अँडमॅनिका हा काही सेंटीमीटरचा जीव राहतो. त्याच्या कुळाला इंग्रजीत 'स्क्वॉट लॉबस्टर' म्हणतात; पण तो शेवंडापेक्षा शंखात राहणाऱ्या खेकड्याचा जवळचा भाऊबंद आहे. शेपटी पोटाखाली दुमडलेली असते. पायांची शेवटची जोडी अगदी बारीक असून ती कल्ले साफ करायला वापरली जाते. मुनिडॉप्सिस गटातील बहुतेकांची दृष्टी अधू असते. त्यांची अंडी थोडी, पण मोठी असतात. पिल्लाची सुरुवातीची शिदोरी अंड्यातच बांधलेली असते.

अंदमान समुद्रापासून पश्चिम पॅसिफिकपर्यंत, शेकडो मीटर खोलीवर हा जीव सापडतो. 1905 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन मॅकगिलख्रिस्ट यांनी केले. मुंबईत बांधलेल्या 'इन्व्हेस्टिगेटर' या सर्वेक्षण जहाजावर ते डॉक्टर होते. या जहाजावरील डॉक्टरांकडे सागरी जीव गोळा करून अभ्यासण्याचेही काम असे.

पुढे अभ्यासकांनी या प्राण्याचे आतडे तपासले. त्यात लाकडाचे कण होते, तसेच जिवाणू आणि बुरशीही होती. लाकूड पचवण्यात हे सूक्ष्मजीव हातभार लावत असावेत, असे मानले जाते.

माणसाची गोष्टही थोडीफार अशीच आहे. भाकरीतला कोंडा, शेंगांच्या साली, पालेभाज्या यांतील तंतू पचवणारे पाचकरस आपल्याकडे नाहीत. ते काम मोठ्या आतड्यातील जिवाणू करतात. तंतू आंबवून ते ब्युटिरेटसारखी आम्ले तयार करतात आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्यावर पोसल्या जातात. प्रौढांनी रोज किमान 25 ग्रॅम तंतू खावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकी, हरभरा, मेथी, गवार, पेरू यांतून ते सहज मिळतात. मैद्याचे पाव-बिस्किट त्यांची जागा घेऊ लागले, की जिवाणूंची उपासमार होते.

दुसरा घाव प्रतिजैविकांचा. साध्या सर्दी-पडशावर ती चालत नाहीत, कारण तो आजार विषाणूंचा असतो. मात्र आतड्यातले उपयोगी जिवाणू त्यांनी मरतात. जुलाब लागू शकतात आणि औषधाला दाद न देणारे जंतू माजतात. म्हणून दुकानातून परस्पर 'स्ट्राँग गोळी' मागू नये. डॉक्टरांनी प्रतिजैविक दिलेच, तर ते सांगितल्याप्रमाणे घ्यावे आणि उरलेली गोळी दुसऱ्याला देऊ नये.

समुद्रतळाच्या त्या जीवाला ओंडका मिळाला की त्याचे भागते. आपल्या पोटातल्या जिवाणूंना रोजच्या ताटातली भाकरी आणि पालेभाजी पुरेशी आहे.