घड्याळ साडेपाच तास चुकतं तेव्हा

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. लिनक्सवरचं काम आटोपून विंडोज सुरू करावं, तर घड्याळ साडेपाच तास मागे गेलेलं. मग कोणी म्हणतं सेल संपला, कोणी म्हणतं लिनक्सनं मशीन बिघडवलं. दोन्ही खरं नाही. सेल संपला तर घड्याळ कुठल्यातरी जुन्या तारखेवर जाऊन बसतं. नेमका साडेपाच तासांचा फरक हा भारतीय प्रमाणवेळ आणि यूटीसी ही जागतिक वेळ यांच्यातला फरक आहे. तो दिसला की घड्याळ ठीक आहे असं समजावं. ते कसं वाचायचं, यावर दोन प्रणालींचं एकमत नाही, इतकंच.

संगणकात मुळात दोन घड्याळं असतात. एक मदरबोर्डवर, बहुधा नाण्याएवढ्या सीआर२०३२ सेलवर चालणारं. सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणाऱ्या क्वार्ट्झ स्फटिकाच्या आधारे ते संगणक बंद असतानाही चालू राहतं. दुसरं लिनक्सच्या कर्नेलचं. संगणक सुरू होताना ते पहिल्याकडून वेळ घेतं आणि पुढे स्वतःच्या हिशेबानं चालतं. मदरबोर्डवरच्या घड्याळात तारीख-वेळ असते, पण ती कुठल्या देशाची याची नोंद नसते. लिनक्स ती यूटीसी धरतो, विंडोज स्थानिक वेळ. म्हणून दुपारी चार वाजता लिनक्सनं तिथे साडेदहा लिहिले, की विंडोज तेच साडेदहा वाचून दाखवतं.

यावर उपाय दोन. विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’ नावाची नोंद करून तिची किंमत १ ठेवली, तर विंडोजही यूटीसी मानू लागतं. किंवा टाइमडेटसीटीएल या आज्ञेनं लिनक्सला स्थानिक वेळ मानायला लावता येतं. पण तसं केलं की तीच आज्ञा इशारा देते, आणि तो योग्यच आहे. भारतात उन्हाळी वेळ नसल्यामुळे इथे त्यानं फारसं अडत नाही. मात्र तोच लॅपटॉप घेऊन लंडनला किंवा न्यू जर्सीला राहायला गेलात, तर वर्षातून दोनदा वेळ बदलताना दोन्ही प्रणाली आपापल्या परीनं तास पुढे-मागे करू शकतात. म्हणून माझी पसंती पहिल्या उपायाला.

याहून नुकसानकारक चूक म्हणजे चुकलेला वेळविभाग हातानं काटे सरकवून दुरुस्त करणं. कर्नेल तास-मिनिटं मोजतच नाही. १ जानेवारी १९७० च्या यूटीसी मध्यरात्रीपासून, म्हणजे भारतातल्या पहाटे साडेपाचपासून, उलटलेले सेकंद तो मोजतो. हा आकडा मुंबईत आणि टोकियोत एकाच क्षणी एकच असतो. वेळविभाग फक्त तो दाखवताना लागतो. विभाग चुकीचा ठेवून घड्याळ पुढे ढकललं, तर पडद्यावर वेळ बरोबर दिसते आणि आतला आकडा खोटा होतो. मग दर ३० सेकंदांनी बदलणारे ऑथेंटिकेटरचे कोड जुळत नाहीत, फायलींवर भविष्यातली वेळ पडते. उलट घड्याळ मागे राहिलं, तर डेबियन किंवा उबंटूवर सॉफ्टवेअर बसवणारा ॲप्ट ताजी यादी ‘अजून लागू झालेली नाही’ म्हणून नाकारतो.

विभाग निवडताना यादीत मुंबई किंवा पुणे सापडत नाही, म्हणून काही जण अडखळतात. भारतासाठी ‘एशिया/कोलकाता’ हीच नोंद आहे आणि ती अचूक आहे. १९७० पासून ज्या प्रदेशांची घड्याळं एकसारखी चालली, त्यांच्यासाठी एकच नोंद पुरेशी, असा वेळविभागांच्या माहितीसाठ्याचा नियम. खरं तर मुंबईची वेळ एके काळी खरोखरच वेगळी होती. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली, तरी ३९ मिनिटं मागे चालणारी ‘बॉम्बे टाइम’ शहरानं १९५५ पर्यंत जपली. तो फरक १९७० च्या आधीच मिटल्यामुळे स्वतंत्र मुंबईची गरज उरली नाही.

एकदा वेळ लावली की काम संपलं, हेही खरं नाही. स्फटिकात दशलक्षात वीस भागांचा फरक असला, तरी दिवसाला पावणेदोन सेकंद, महिन्याला सुमारे पन्नास सेकंद चुकतात. म्हणून एनटीपी. पुढे डेलावेअर विद्यापीठात गेलेल्या डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत संगणक नेटवरून वेळ विचारतो, उत्तर यायला लागलेला वेळ हिशेबात धरतो आणि फरक किरकोळ असेल तर घड्याळाला उडी न मारायला लावता त्याचा वेग किंचित बदलतो. दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा भारतीय प्रमाणवेळ अणुघड्याळांवर राखते आणि तिचे एनटीपी सर्व्हरही आहेत.

आपल्या संगणकावर एनटीपीची सेवा चालू असताना हातानं वेळ लावू पाहिली तर टाइमडेटसीटीएल नकार देतं. तो बिघाड नाही. एका घड्याळाला दोन मालक नकोत, म्हणून तसं केलेलं आहे. पण सेवा चालू आहे म्हणजे वेळ जुळली, असंही धरू नका. काही कचेऱ्यांच्या आणि कॉलेजांच्या नेटवर्कवर यूडीपीचं १२३ क्रमांकाचं पोर्ट बंद असतं. तिथे ‘एनटीपी सर्व्हिस’पुढे ‘ॲक्टिव्ह’ दिसतं आणि उत्तर मात्र कधीच आलेलं नसतं. पाहायची ओळ वेगळी आहे: ‘सिस्टम क्लॉक सिंक्रोनाइज्ड’. तिच्यापुढे ‘येस’ हवं.

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या बाबतीत तर आणखी सावध राहायला हवं. चौथ्या पिढीपर्यंतच्या पायवर सेलचं घड्याळच नाही. पाचव्यावर आहे, पण त्याचा सेल वेगळा जोडावा लागतो. नेट नसेल तर असा संगणक बहुधा शेवटी जपून ठेवलेल्या वेळेपासून पुढे मोजू लागतो आणि मधला बंद काळ त्याच्या लेखी घडलेलाच नसतो. शेतात तापमान किंवा पावसाच्या नोंदी घ्यायला तो बसवणार असाल, तर डीएस३२३१ सारखा घड्याळाचा छोटा मॉड्यूल आधीच जोडा. नोंदींवर पडलेल्या चुकीच्या वेळा नंतर सुधारणं जवळजवळ अशक्य असतं.